स्वर्गातील मैफल आणि आमची हरकत

या पत्रिकेच्या मागील अंकात आमच्या मंडळाच्या एका ज्येष्ठ सभासदांनी स्वर्गातील एका मैफलीचे रसभरित वर्णन केले आहे. सुज्ञ वाचकांच्या ते स्मरणात असेलच. कारण या लेखावर संपादकांकडे जेवढी स्तुतिपर पत्रे आली तेवढी अलीकडे दुसऱ्या कोणत्याच लेखावर आली नव्हती, असे आम्ही ऐकतो. मध्यभागी उस्ताद अमीर खाँ, उजवीकडे पंडित भीमसेन जोशी, डावीकडे कुमार गंधर्व, अध्यक्षस्थानी आमच्या बडोद्याचे आफताब-ए-मौसिकी फैयाज खाँ, सतारीवर रविशंकर आणि विलायत खाँ शेजारी शेजारी, सनईवर बिस्मिल्ला खाँ, तबल्यावर अल्लारखा आणि झाकीर हुसेन हे पितापुत्र, पेटीवर पु. ल. देशपांडे, आणि सांगतेस लतादीदींचे भजन. श्रोत्यांत इंद्रदेव सहकुटुंब. आम्ही नावे मोजली, ती बरोबर अकरा भरली. बारावा खेळाडू कोण, एवढेच लेखकमहाशय सांगावयाचे विसरले.

लेख येथेच संपला असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. परंतु शेवटच्या परिच्छेदात एक सूचना आहे. ही मैफल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने प्रत्यक्ष 'तयार' करता येते, त्यासाठी सुमारे ४०,००० रुपये खर्च येईल, आणि मंडळाच्या येत्या वार्षिकोत्सवात ती पडद्यावरील चित्रांसह सादर करावी, असे लेखकांचे म्हणणे आहे. तसा ठराव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. ठरावास आमचा विरोध आहे. सभेत प्रत्येकास पाच मिनिटे मिळतात, त्यांतली दोन माइक सुरू होण्यात जातात. म्हणून आमची हरकत येथे लेखी नोंदवीत आहोत. (हरकत हा शब्द गाण्यातही आहे, याची आम्हांस जाणीव आहे. ती हरकत घेण्याची आमच्या गळ्याची योग्यता नाही. ही घेण्याची आहे.)

आम्ही गवई नव्हे. राज्य शासनाच्या सेवेत आमची चौतीस वर्षे गेली आणि त्यांतला बराच काळ बदल्यांचे व नेमणुकांचे आदेश काढण्यात गेला. कोणास कोठे बसवावे याचा थोडाबहुत अनुभव आहे, आणि तो अनुभव असे सांगतो की कागदावर जी नेमणूक अत्यंत शोभून दिसते ती प्रत्यक्षात पंधरा दिवसही टिकत नाही.

प्रथम एक मान्य करू. कोणी मोठा कलावंत गेला की त्याला त्याच्या आधी गेलेल्यांच्या सोबतीस नेऊन बसवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन गेल्याची वार्ता आली तेव्हा तासाभरात आमच्या फोनवर सतरा संदेश आले. त्यांतले बारा 'आता स्वर्गात ठेका धरला जाईल' या अर्थाचे होते. त्याच वर्षीच्या जानेवारीत राशीद खाँ आणि प्रभाताई अत्रे चार दिवसांच्या अंतराने गेल्या, तेव्हाही हेच. शोकाला शब्द सुचत नाहीत, हाताशी असलेले शब्द तो उचलतो. त्यात दोष नाही. पण शोकाच्या तासाभरात जे म्हटले ते वर्षभराने ठराव होऊन सभेपुढे यावे, यात दोष आहे.

आता त्या मैफलीचेच पाहू. आमच्या संगीताची रचना अशी आहे की त्यात एक मुख्य असतो आणि बाकीचे त्याच्या अंगाने जातात. सगळे षड्जापासून सुरू होते, आणि षड्ज प्रत्येकाचा वेगळा. पुरुष गायकांचा सामान्यतः पांढरी एक ते काळी दोन यांच्या आसपास. स्त्रियांचा काळी चार, काळी पाच. सतारीची तार खुंटी पिळून थोडी वरखाली करता येते. सनईचा स्वर तिच्या नळीतच ठरलेला. अकरा जणांस एका तंबोऱ्यावर बसवावयाचे तर दहा जणांनी आपला गळा किंवा आपले वाद्य सोडून यावे लागेल. ही अडचण जाणत्यांनी ओळखलेली आहे. पंडित जसराजांनी 'जसरंगी' हा प्रकार रूढ केला. त्यात स्त्री आणि पुरुष गायक आपापला षड्ज न सोडता, एकाच वेळी दोन वेगळे राग गातात, आणि एकाचा मध्यम किंवा पंचम तो दुसऱ्याचा षड्ज ठरतो. दोन गळ्यांस एकत्र आणण्यासाठी मूर्च्छनेचे प्राचीन तत्त्व आणि वर्षांची तालीम खर्ची घालावी लागली. आमच्या लेखकांनी एका वाक्यात अकरा जणांस एकत्र आणले आहे.

षड्ज जुळला असे क्षणभर समजू. लय कोणाची? अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झुमरा ज्यांनी ऐकला आहे त्यांस ठाऊक आहे की त्या चौदा मात्रांच्या एका आवर्तनात मनुष्य आपल्या आयुष्याचा हिशेब करून परत समेवर येऊ शकतो. त्यांना तबलजीकडून सरळ, स्वच्छ ठेका हवा असे. मध्ये कोणी आपली विद्वत्ता दाखवू नये अशी त्यांची अपेक्षा. त्यांच्याच शेजारी फैयाज खाँ. त्यांची नोमतोम, त्यांचा तो मर्दानी बुलंद आवाज, आणि मग लयीशी चाललेली झटापट. त्यांच्या पलीकडे कुमारजी, जे बंदिशीलाच संपूर्ण आकृती मानीत आणि पुष्कळदा दहा मिनिटांत जे सांगावयाचे ते सांगून मोकळे होत. या तिघांना एका ठेक्यावर बसविणारा तबलजी स्वर्गातही जन्मावयाचा आहे. अल्लारखांसारखा लयीचा बादशहा तेथे चौदा मात्रा धरून निमूट बसणार, आणि शेजारी मुलगा हात बांधून! यात कोणाचा सन्मान आहे?

यावर 'जुगलबंद्या होतातच की' असे कोणी म्हणेल. होतात, आणि काही अविस्मरणीय झाल्या. रविशंकर आणि अली अकबर खाँ एकत्र वाजवीत. पण ते दोघे मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँ यांच्या एकाच करड्या नजरेखाली शिकलेले. विलायत खाँ आणि बिस्मिल्ला खाँ यांची सतार-सनई आम्ही ध्वनिमुद्रिकेवरून घरी झिजवली आहे. त्या जुगलबंदीत एक थांबतो तेव्हा दुसऱ्यास वाट मिळते. थांबणारा आपण होऊन थांबतो, त्यास कोणी थांबवीत नाही. आमच्या लेखकांनी मात्र रविशंकर आणि विलायत खाँ यांनाच शेजारी बसविले आहे. या दोघांच्या चाहत्यांनी पन्नास वर्षे एकमेकांशी जो वाद घातला त्याची झळ स्वर्गात पोचली नसावी.

पाश्चात्य लोक अशा निवडक थोरांच्या संघास 'सुपरग्रुप' म्हणतात, हे आमच्या नातवाने आम्हांस शिकविले. त्यानेच सांगितले की अशा पहिल्या संघांपैकी नामांकित तो 'क्रीम'; एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर हे तीन जिवंत, तरुण, उत्तम वादक १९६६ साली एकत्र आले आणि १९६८ संपण्यापूर्वी विभक्त झाले, कारण ब्रूस आणि बेकर यांचे एकमेकांशी पटेना. तिघांचे तीन वर्षेही जमले नाही. याउलट 'शक्ती'. जॉन मॅकलॉफ्लिन, एल. शंकर, विक्कू विनायकराम आणि झाकीर हुसेन यांनी १९७० च्या दशकात तो संघ उभा केला; माणसे बदलली, मध्ये मोठा खंड पडला, आणि पन्नासएक वर्षांनी, २०२४ साली, त्यांच्या 'धिस मोमेंट'ला ग्रॅमी मिळाले. झाकीरभाईंना स्वप्नातल्या संघात घेण्याची आवश्यकताच नाही. त्यांनी तो जागेपणी, घाम गाळून केला होता.

पण आमचा खरा आक्षेप षड्जाचा किंवा लयीचा नाही. जे गेले त्यांना नकार देता येत नाही, हा आहे. आमच्या सेवेत एक दंडक होता: ज्यास नाही म्हणण्याची संधी दिलेली नाही त्याची संमती धरून चालू नये. आणि हे अकरा जण, किंवा ज्यांना लेखकांनी वगळले ते, नकारात फार मोठे होते. अल्लादिया खाँसाहेबांनी ९० वर्षांच्या आयुष्यात ध्वनिमुद्रण करू दिले नाही. त्यांच्या गाण्याचा एक मिनिटाचा तुकडा जगात नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. रेडिओपासून त्या दूर राहिल्या, मैफलीत चुळबुळ झालेली त्यांस खपत नसे, आणि आपले गाणे आपल्याच मापास उतरत नाही असे वाटू लागताच १९६० च्या दशकात त्यांनी जाहीर गाणे बंद केले. कोणी आग्रह केला नसेल असे नाही. ही बाई इंद्राच्या दरबारात दहा जणांच्या पंक्तीत वीस मिनिटांसाठी बसली असती, असे मानावयास आम्ही तयार नाही.

केसरबाईंचा विषय निघालाच आहे तर एक सांगावेसे वाटते. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' ही दोन यंत्रे अवकाशात सोडली आणि त्यांवर एकेक सुवर्णाची मुलामा दिलेली ध्वनितबकडी बसविली. पृथ्वीवरील थोर संगीत त्यावर एकत्र केले आहे: बाख आहे, बीथोव्हेन आहे, चक बेरी आहे, आणि भारतातून केसरबाईंची भैरवी आहे. यंत्रे निघाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई गेल्या. म्हणजे त्यांचा आवाज त्यांच्या आधी आकाशाच्या वाटेस लागला होता. ज्यांनी ती तबकडी केली त्यांनाही मोठ्यांची मांदियाळी जमविण्याचा मोह झाला असणारच. पण त्यांनी एकामागून एक ठेवले. प्रत्येकास त्याची पाळी, त्याची शांतता. बाखच्या अंगावर भैरवी घालण्याची बुद्धी त्यांना झाली नाही.

केसरबाई अकरांत नाहीत. मोगूबाई कुर्डीकर नाहीत, गंगूबाई हनगल नाहीत, किशोरीताई नाहीत. ख्याल गाणारी एकही स्त्री नाही. आणि ज्यांनी आपल्या आडनावात आमचे शहर आयुष्यभर वागविले त्या हिराबाई बडोदेकर, अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई यांच्या कन्या, त्यांची आठवण बडोद्यातल्याच लेखकास होऊ नये याचे आम्हांस वाईट वाटले. सारंगियाही नाही. राम नारायण नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. साथीदाराच्या वाट्यास येणारी दुय्यमता सोसवेना म्हणून ज्यांनी साथ सोडून एकट्याची सारंगी मंचावर आणली, त्यांच्यासाठी तेवढाही संदेश आमच्या फोनवर आला नाही. तंबोरे कोण धरणार, याचा तर उल्लेखच नाही. स्वर्गात तंबोरे आपोआप वाजत असावेत.

आता फैयाज खाँसाहेबांविषयी. आमच्या वडिलांनी तरुणपणी त्यांना ऐकले होते. ते गाणे कसे होते असे आम्ही विचारीत असू, तेव्हा वडील सांगू लागत, हात वर नेत, आणि मग हात तसाच खाली घेऊन 'जाऊ दे' म्हणत. त्या वर गेलेल्या हातापलीकडे आम्हांस खाँसाहेबांचे काही माहीत नव्हते. १९५० च्या नोव्हेंबरात ते या शहरात गेले आणि या शहराच्याच मातीत आहेत. २००२ च्या दंगलीत त्यांच्या कबरीची विटंबना झाली. बातमी वृत्तपत्रांत आली होती. आम्ही तेव्हा परजिल्ह्यात शासकीय सेवेत होतो. सकाळच्या चहाबरोबर ती वाचली, वृत्तपत्राची घडी केली आणि कार्यालयात गेलो. एक पोस्टकार्डही कोठे लिहिले नाही. पुढे निवृत्त होऊन बडोद्यास परतल्यावर या विषयावर मंडळात कधी बोललो नाही, आणि दुसरेही कोणी बोलले नाही. त्याच खाँसाहेबांना आम्ही आता स्वर्गात अध्यक्ष करणार, त्यांच्या गळ्यात फुलांचा हार घालणार, आणि त्यांचा आवाज यंत्राकडून काढून घेऊन त्यावर टाळ्या वाजविणार. हा ठराव वाचताना आमच्या हातातला कागद आम्हांस जड झाला, यापेक्षा अधिक काही आम्ही लिहू इच्छीत नाही.

जिवंत थोरांस एकत्र बसविण्याचे काम याच शहरात एकदा झाले आहे. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. तेथे काय झाले? वाद झाला. देवल आणि क्लेमेंट्स यांनी श्रुतींच्या हिशेबाने बनविलेली पेटी पुढे आली, आणि गळ्यातले सूर पेटीच्या पट्ट्यांत मावतात की नाही यावर विद्वान आणि गवई समोरासमोर आले. स्वर्गातील मैफलीत एक आवाज चढलेला नाही. सगळे एकमेकांस नमस्कार करीत आहेत. आम्हांस १९१६ चे भांडण अधिक संगीतमय वाटते. त्या भांडणातून निदान पुस्तके निघाली, विद्यालये निघाली. त्याआधीही, १८८६ साली, मौलाबक्ष यांची गायनशाळा येथे सुरू झाली होती. सूरसागराच्या काठी तिचाच वंश विद्यापीठाचे महाविद्यालय होऊन आजही शिकवीत आहे. आमच्या मंडळापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. गेल्या दहा वर्षांत मंडळाचे किती सभासद तेथील मुलांचे गाणे ऐकावयास गेले, हा प्रश्न आम्ही सभेत विचारणार आहोत. आमचे स्वतःचे उत्तर 'एकदा' असे आहे.

दिवंगत उस्ताद एकत्र येत नाहीत असे मात्र आम्ही म्हणत नाही. येतात. त्याचा पत्ता निराळा आहे. भास्करबुवा बखले यांचा जन्म १८६९ सालचा, सुरतेजवळच्या कठोर गावचा. गाव तेव्हा बडोदे संस्थानात. बडोद्यात फैज महंमद खाँ यांच्यापाशी ते ग्वाल्हेरची गायकी शिकले, नत्थन खाँ यांच्यापाशी आग्र्याची, आणि स्वतः नावारूपास आल्यावरही अल्लादिया खाँ यांच्यापुढे शिष्य होऊन बसले. तीन घराणी, तीन हट्टी गुरू, जे एका बिछायतीवर एकत्र गावयास कदापि बसले नसते, ते एका माणसाच्या गळ्यात एकत्र बसले. त्यासाठी बुवांनी आपल्या उमेदीची वर्षे दिली. बुवा १९२२ साली गेले. त्यांचीही ध्वनिमुद्रिका नाही. पण बालगंधर्वांत ते होते, मास्तर कृष्णरावांत होते. तीच गोष्ट मल्लिकार्जुन मन्सूर यांची. मिरजेच्या नीलकंठबुवांकडून ग्वाल्हेर, मग मंजी खाँ यांच्याकडून जयपूर-अत्रौली; १९३७ साली मंजी खाँ अकाली गेले तेव्हा त्यांचे बंधू भूर्जी खाँ यांच्याकडे उरलेली तालीम. मन्सूरअण्णांना आम्ही १९८० च्या दशकात एकदाच ऐकले. ते मध्येच डोळे मिटून एखादी जागा घेत आणि कोणाकडे तरी पाहिल्यासारखे हसत. आम्हांस तेव्हा वाटले, समोर ओळखीचे कोणी बसले असेल.

ही मैफल ऐकावयाची तर ज्याने तालीम घेतली आहे त्याच्यासमोर जाऊन बसावे लागते, आणि येथे आमच्या मंडळाचा हिशेब मांडणे प्राप्त आहे. गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या मासिक बैठकीत जयपूर परंपरेत शिकलेली एक तरुण गायिका दूर धारवाडकडून आली होती. वय तिशीच्या आत. रात्रभर प्रवास करून आलेली. जाजमावर श्रोते २३, त्यांत कार्यकारिणीचे सात. तिने बिहागडा मांडला. तंबोरा इलेक्ट्रॉनिक, कारण मंडळाचे तंबोरे कपाटात आणि कपाटाची किल्ली सापडेना. पेटीवाल्याने ऐन वेळी नकार कळविल्याने पेटी नव्हती. ती आणि तबलजी, दोघेच. पहिल्या पाऊण तासात तिचा सूर थोडा अस्वस्थ होता हे आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. मग एका तानेच्या शेवटी ती समेस चुकली, तबलजीकडे पाहून हसली, त्यानेही हसून ठेका धरून ठेवला, आणि पुढच्या आवर्तनात ती त्याच जागेवरून अशी काही आली की आमच्या शेजारचे गृहस्थ, जे एरवी डुलकी काढतात, ते पुढे सरकले. भैरवी झाली म्हणतात. झाली म्हणतात, असे लिहावे लागते, कारण त्या रात्री दूरचित्रवाणीवर क्रिकेटचा सामना होता आणि भैरवीपूर्वीच आम्ही उठलो. जाताना तिच्याकडे पाहिले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस मंडळाने दिवंगत कलावंतांच्या ध्वनिफिती वाजवून श्रद्धांजलीचा कार्यक्रम केला. त्यास सभागृह भरले, माणसे जिन्यात उभी होती, आणि आम्ही अर्धा तास आधी जाऊन पहिल्या रांगेत बसलो होतो.

या दोन तारखांमध्ये आमच्या हरकतीचे मूळ आहे. गेलेल्या गवयाला प्रवासखर्च द्यावा लागत नाही, त्याच्या उतरण्याची सोय पाहावी लागत नाही, त्याचा सूर त्या दिवशी लागेल की नाही ही धास्ती नसते. तो आपला आहे, कारण तो आता कोणाचाच नाही.

यंत्राविषयी थोडे बोलावयास हवे, नाही तर आम्ही जुनाट ठरू. दिवंगत गायकांचे आवाज यंत्राने पुन्हा घडविण्याचे प्रयोग झालेले आहेत. २०२४ साली 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटातील एका गीतात ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज वापरले. कुटुंबीयांची अनुमती घेतली, मोबदला दिला, आणि तसे जाहीरही केले. आमच्या ठरावात अनुमतीचा रकाना नाही, मोबदल्याचाही नाही. शिवाय गीताची चाल ठरलेली असते. ख्यालाचे तसे नाही. अमीर खाँ एखाद्या स्वरावर थांबले आणि काहीच बोलले नाहीत, तर ते न बोलणे त्या क्षणी ठरत असे. पुढे काय येणार हे त्यांनाही ठाऊक नसावे, असे ऐकताना वाटते. यंत्र त्यांच्या सर्व मुद्रिका गिळून त्यांच्यासारखा स्वर काढील. तो स्वर समेस चुकणार नाही, आणि चुकला तर हसणार नाही. भीमसेनजींचा तो घामेजलेला चेहरा, तान घेताना वर गेलेला हात पडद्यावर दिसेल. तो हात कशासाठी वर गेला हे यंत्रास माहीत नसेल, आणि काही वर्षांनी पाहणाऱ्यांसही नसेल. आमची नातवंडे त्यालाच भीमसेन समजतील. खऱ्या मुद्रिका उपलब्ध असताना खोट्यांवर ४०,००० रुपये खर्च करणे हा लेखापरीक्षणाच्या दृष्टीनेही आक्षेपार्ह खर्च आहे.

म्हणून आम्ही उपसूचना मांडणार आहोत. तेवढ्याच रकमेत वार्षिकोत्सवाच्या रात्री एक बैठक व्हावी. गायक चाळिशीच्या आतला किंवा आतली असावी आणि ज्या गुरूकडून शिकली त्यांचे नाव निमंत्रणपत्रिकेत छापावे. साथीस तबला, पेटी आणि सारंगी असावी. सारंगिया मिळविण्यासाठी दोन महिने आधी शोध सुरू करावा लागेल, याची कल्पना आहे. बिदागी पाकिटात, गाण्यापूर्वी. साथीदारांची नावे त्याच आकाराच्या टंकात. चित्रे, पडदा, भाषणे नकोत. आणि खाँसाहेबांच्या कबरीवर त्या दिवशी सकाळी मंडळाच्या वतीने फुले वाहिली जावीत. कोणी येवो न येवो, आम्ही जाणार आहोत. ही उपसूचना मागील अंकातील लेखकांनीच अनुमोदावी अशी आमची इच्छा आहे. त्यांचा कान आमच्याहून चांगला आहे, हे आम्ही पंचवीस वर्षे जाणतो. त्यांच्या मुद्रिकासंग्रहातूनच आम्ही पुष्कळ ऐकले.

राहता राहिले तंबोरे. कपाटाची किल्ली सापडली. चिटणीसांच्या टेबलाच्या खणात, जुन्या पावतीपुस्तकांखाली होती. दोन तंबोरे निघाले, दोन्ही मिरजेचे, मंडळाच्या जुन्या सभासदांनी वर्गणी काढून आणलेले. एकाच्या तारा गंजल्या आहेत आणि जवारी पार गेली आहे. दुसऱ्याच्या भोपळ्यास तडा आहे, खुंट्या फिरत नाहीत. मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते आम्ही वृत्तपत्रात वाचले तेव्हा आपल्या कपाटात दोन आहेत हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. तेथील एका कारागिरांस पत्र टाकले. त्यांचे उत्तर आले: वाद्य पाहिल्याशिवाय खर्च सांगता येणार नाही, मालगाडीने पाठवू नका, माणसाबरोबर आणा. त्याप्रमाणे पुढील महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुण्यावरून मिरजेस जाण्याचे आरक्षण आम्ही केले आहे. एक तंबोरा आम्ही धरू. दुसरा धरण्यास एक माणूस हवा आहे; प्रवासखर्च ज्याचा त्याने करावयाचा आहे.